बिनमुकादमाचा मुकुंदा

आमच्या गुजराती गावातल्या घडियाळी पोळात, म्हणजे जुन्या दाट गल्लीत, मुकुंदाचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. काउंटरच्या दोन्ही टोकांना त्याने सायकलच्या दोन घंट्या बसवल्या होत्या आणि खाली मराठीत नि गुजरातीत पाटी लावली होती, ‘बाजूने आलात तर घंटी वाजवा’. नवं गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. गोष्ट साधी होती. मुकुंदाला समोरचं अगदी लख्ख दिसायचं, माझ्या सुईत दोरा तोच ओवून द्यायचा, पण डावी-उजवीकडचं काहीच दिसायचं नाही. बाजूला माणूस येऊन उभा राहिला तरी हा आपला समोर बघत बसलेला, आणि लोकांना वाटायचं, काय मिजास आहे बघा याची.

पोरं येता-जाता उगीच घंट्या वाजवून पळायची. हा प्रत्येक वेळी मान वळवून म्हणायचा, “बोला शेठ, काय देऊ?” आणि तिथे कोणी नसायचं. एकदा मी एका कार्ट्याचा कान धरला, तर मुकुंदा मलाच म्हणाला, “असू द्या हो नलूताई. घंटी वाजते म्हणजे दुकान चालू आहे असं वाटतं.”

मी समोरच्या घरात राहायचे. लग्न होऊन त्या पोळात आले, ती मुलाने पुण्याला ओढून आणेपर्यंत तिथेच होते. शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे आवाज मोठा आणि दुसऱ्याच्या चुका काढायची सवय. मुकुंदाच्या आई, माई, म्हणायच्या, “नलू, तुझ्या जिभेला हाड नाही, पण मनात काही नसतं.” पहिलं खरं होतं.

मुकुंदा चाळिशी ओलांडलेला होता, पण चेहरा आठवीतल्या मुलाचा. उंची माझ्या खांद्याएवढी, अंग गोल, गाल गुळगुळीत. जवळून पाहिलं तर डोळ्यांभोवती बारीक सुरकुत्या दिसायच्या, आणि मग माणूस एकदम गोंधळून जायचा. दुकानात येणारे हमखास विचारायचे, “बेटा, कोई मोटुं माणस नथी?”

“मोटो हुं ज छुं, काका,” हा पोटावरून हात फिरवत म्हणायचा. “बोलो, शुं आपुं?”

मतदानाला गेला तेव्हा दारावरच्या पोलिसाने त्याला रांगेतून बाहेर काढलं आणि मम्मीला पाठव म्हणून सांगितलं. मुकुंदाने शांतपणे ओळखपत्र दाखवलं. पोलीस एकदा ओळखपत्राकडे बघतो, एकदा याच्याकडे. शेवटी खजील होऊन म्हणाला, “साहेब, तब्येत जाळवी छे हों!” म्हणजे तब्येत छान राखलीय. मुकुंदा घरी येऊन ते इतक्या रंगवून सांगत होता की मी हसून हसून पदर तोंडात कोंबला. माई मात्र हसल्या नाहीत. त्या उठून आत गेल्या.

हे सगळं कशामुळे, ते सांगायला हवं. मुकुंदा नऊ वर्षांचा असताना त्याच्या डोक्यात गाठ निघाली. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते, तिथेच. मुंबईला ऑपरेशन झालं, पुढे किरणांचे शेक दिले. गाठ गेली, पण जाताना ती ग्रंथी घेऊन गेली आणि नजरेच्या दोन्ही कडाही. लोकांना एवढंच ऐकू यायचं, गाठ गेली. “ऑपरेशन झालं ना लहानपणी? मग आता काय?” हा प्रश्न मुकुंदाने आयुष्यभर ऐकला. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं.

“अहो, माझ्या डोक्यातला मुकादम गेलाय. तुमच्या डोक्यात तो बसल्या बसल्या सगळ्या मजुरांना हाका मारतो. तू उंची वाढव, तू दाढी आण, तू पाणी धरून ठेव, तू ताप आल्यावर धावत ये. माझ्याकडे मजूर सगळे हजर आहेत, पण हाक मारणारा नाही. म्हणून मीच सकाळपासून एकेकाला गोळी देऊन उठवतो.”

खरंच उठवायचा. उठल्या उठल्या एक गोळी, मग पहिल्या चहानंतर दुसरी, दुपारची वेगळी, नाकात मारायचा फवारा फ्रिजमध्ये. त्या फवाऱ्याशिवाय अंगात पाणी टिकायचं नाही. वीज गेली की पोळातले सगळे पंख्यासाठी हळहळायचे, माई फवाऱ्यासाठी. भुकेचं तसंच. जेमतेम एक भाकरी खायचा तरी वजन वाढायचं, आणि लग्नाकार्यात बायका सल्ला द्यायच्या, मुकुंदा, जरा तोंडावर ताबा ठेव. “पोट भरलं हे सांगणारा माणूसही त्याच ऑफिसात होता, काकू,” हा म्हणायचा आणि श्रीखंडाची वाटी बाजूला सारायचा.

दुपारी मात्र त्याचं अंग अगदी गळून जायचं. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो आत सतरंजीवर पडायचा. अख्खा पोळ त्याला आळशी म्हणायचा. आमच्या शेजारच्या हंसाबेन, मी, आम्ही सगळ्याच. तरणाताठा माणूस भरदुपारी झोपतो म्हणजे काय! ही झोप त्या गाठीच्याच हिशेबातली आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर आम्ही काय केलं, तर शटरजवळ आवाज हळू केला.

एकोणीस-वीस वर्षांचा असताना त्याला पुरुषाच्या वाढीची इंजेक्शनं सुरू झाली आणि पुढे काही महिन्यांनी एका सकाळी त्याचा आवाज फुटला. माईंनी पोळात पेढे वाटले. पेढे कसले म्हणून विचारलं तर म्हणतात, “मुकुंदाचा आवाज फुटला.” बारशाचे पेढे, पास झाल्याचे पेढे ऐकले होते, हे मी पहिल्यांदाच खाल्ले. मुकुंदा लाजेने चार दिवस दुकानात बसला नाही. पुढे त्याला हनुवटीवर थोडे केस आले. ते तो दर रविवारी ओट्यावर आरसा लावून, वाटीत साबण फेसून, तासभर काढायचा. केस मूठभरसुद्धा नसतील, पण थाट असा की राजवाड्यात जायचंय.

नवरात्रात त्याला गरब्याच्या फेरीत धरता यायचं नाही, शेजारचा दिसला नाही की टक्कर. मग तो मधोमध, देवीच्या गरब्यापाशी, म्हणजे दिवा ठेवलेल्या घटापाशी, उभा राहून टाळ्या द्यायचा. मी म्हटलं, “अरे, कडेला खुर्चीवर बस की.” तर म्हणाला, “इथेच बरं आहे. जो समोर येतो तो दिसतो, आणि बाकीचे काय, फिरून येतातच.”

माझा मुकुंदा असा. पण त्याच्याबद्दल बोलायचं तर माईंना सोडून बोलता येत नाही.

ऑपरेशनच्या आधीचं वर्षभर मुकुंदा सारखं पाणी प्यायचा. तांब्यावर तांब्या. मग अंथरूण ओलं. दारांवर आदळायचा, शाळेतून तक्रारी. आज कुणी ऐकलं तर म्हणेल, अहो, लगेच डॉक्टर गाठा. तेव्हा आमच्यात अंथरूण ओलं करणाऱ्या पोराला एकच औषध होतं: दिवेलागणीनंतर पाणी बंद. घरोघर तेच करायचे, आणि एखाद्या म्हातारीने सांगितलं की ते शास्त्रच. माईंनी माठ स्वयंपाकघरात ठेवून दाराला कुलूप घालायला सुरुवात केली. पोरगं रडायचं, मग रडायचं बंद झालं. एका संध्याकाळी माईंनी बघितलं तर तो देवघरासमोर बसून देवाच्या तांब्यातलं पाणी पीत होता. देवाचं पाणी उष्टं केलं म्हणून त्यांनी त्याच्या थोबाडीत मारली.

पुढे डोकेदुखी, उलट्या, मुंबई. तिथल्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, हा पाणी फार पितो का? “त्याला मी उत्तर दिलं नाही, नलू,” माई मला सांगायच्या. “ह्यांनी दिलं. मी खाली बघत होते.”

मुंबईहून परत आल्यावर माईंनी ओट्यावर परब मांडली. आमच्याकडे पाणपोईला परबच म्हणतात. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेले दोन माठ, पाणी काढायला लांब दांड्याचा डोया, उन्हाळ्यात वाळा. रोज सकाळी नळाला पाणी आलं की त्या स्वतः माठ घासून भरायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. पंचाहत्तरी उलटली, गुडघे गेले, तरी नाही. रिक्षावाले, पोस्टमन, भाजीवाल्या, सगळे पाणी पिऊन माईंना आशीर्वाद द्यायचे. आणि कुणी थांबून कौतुक केलं की माई त्याला ती सगळी हकिकत सांगायच्या. गॅसवाल्यालासुद्धा. “माझ्या पोराला मी तहानेलं ठेवलं होतं हो.”

मुकुंदाला ते ऐकवत नसे. एरवी कशाचाच राग न येणारा तो म्हणायचा, “माई, हा तू दारात माझा पुतळा उभा केलायस. येणारा-जाणारा पाणी पितो आणि माझ्याकडे बघून च्‌ च्‌ करतो.” त्याला आयुष्यात बाकी काही मिळालं नाही, लग्न नाही, मूल नाही, प्रवास नाही, आणि त्याबद्दल त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याला एकच हवं होतं. माईंनी मरायच्या आधी ते देवाच्या तांब्याचं मनातून काढून टाकावं.

माईंनी त्या अपराधापायी स्वतःला इतकं पक्कं करून घेतलं होतं की नर्सही लाजावी. एका पावसाळ्यात पोळात उलट्या-जुलाबाची साथ आली आणि मुकुंदा दुकानातच आडवा झाला. आम्ही बायका धावलो. हंसाबेन, मी, सगळ्यांचा एकच धोशा: लंघन करा, पोटाला विश्रांती द्या, उपाशीपोटी गोळी तर अजिबात नको. मुकुंदा पांढराफटक. डोळे उघडत नव्हता, पण पुटपुटला, “माझं उलट आहे हो. आजारपणात गोळी वाढवायची.” आम्हाला वाटलं, ग्लानीत बोलतोय. तेवढ्यात माई जिना उतरून आल्या, हातात त्याच गोळीच्या औषधाची सुई. आम्हाला बाजूला सारून त्यांनी लेंग्यावरूनच त्याच्या मांडीत इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, “रिक्षा आणा. आणि माझ्या पोराला उपाशी ठेवायचं नाव काढू नका कुणी.” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हाताबाहेर गेलं असतं.

मुकुंदाला वाटलं, झालं, फिटलं. रिक्षातून परत येताना म्हणाला, “माई, आज तू मला वाचवलंस. आता तरी?” माई म्हणाल्या, “वाचवायचीच वेळ कुणी आणली?” माझ्यासमोरचं बोलणं आहे हे.

त्याचे लहानपणचे डॉक्टर निवृत्त झाले आणि काही वर्षं तर त्याच्याकडे बघायला कुणीच नव्हतं. मुलांचे डॉक्टर म्हणायचे, तू मोठा झालास. मोठ्यांचे विचारायचे, मग आता काय त्रास आहे? मुकुंदा म्हणायचा, “आता सगळं आयुष्य, डॉक्टर.” हाडं ठिसूळ झालेली, कोलेस्टेरॉल वाढलेलं, सगळं एकेक करून पुढे येत होतं. शेवटी एक तरुण डॉक्टर भेटला, त्याने नीट बसवून सगळं ऐकलं. मुकुंदाने काय केलं, तर पुढच्या वेळी माईंना बरोबर नेलं. मलाही चल म्हणाला, साक्षीदार म्हणून. आणि तपासणी वगैरे झाल्यावर त्याने माईंच्या देखत विचारलं, “डॉक्टर, त्या वेळी मला हवं तेवढं पाणी दिलं असतं तर गाठ झाली नसती का?”

“छे, गाठीचा पाण्याशी काय संबंध?” डॉक्टर म्हणाला. “ती आधीपासूनच होती. कुणाला कळणं शक्य नव्हतं.”

मुकुंदाने विजयी मुद्रेने माईंकडे बघितलं. माईंनी डॉक्टरला नमस्कार केला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “मुलगा चांगला आहे. पण लहान आहे गं अजून, त्याला आईचं काय कळणार?”

मग माईंचं हृदय थकलं. पाय सुजले, दोन पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टरांनी औषधं दिली आणि सांगितलं की दिवसाला एक लिटरच्या वर पाणी द्यायचं नाही. चहा, ताक, आमटीचं पाणी, सगळं त्यातच धरायचं. वर म्हणाले, “मुकुंदभाईंना पाण्याचा हिशेब शिकवायला नको. त्यांच्याइतकं हे कोणाला जमणार?”

हे ऐकून मुकुंदाच्या तोंडाकडे मला बघवेना. त्या आईला पाणी नाही म्हणायचं काम देवाने नेमकं ह्या मुलाकडे द्यावं? पण त्याने ते केलं. सकाळी तांब्यात दिवसाचं पाणी मोजून ठेवायचा. मधे माईंचं तोंड कोरडं पडलं की आवळ्याची फोड द्यायचा, बर्फाचा खडा द्यायचा. स्वतः मात्र घरात घोटभर पाणी पिईना. तहान लागली की खाली दुकानात यायचा, पाठ करून प्यायचा आणि तोंड पुसून वर जायचा.

एका दुपारी मी मऊ भात घेऊन गेले. मुकुंदा खाली होता. माई भिंतीला धरून धरून जिना उतरून ओट्यावर आल्या होत्या आणि आपल्या तांब्यातलं पाणी परबेच्या माठात ओतत होत्या. माझ्या मागून मुकुंदा दुकानातून बाहेर आला आणि त्यानेही बघितलं. तांब्या जवळजवळ रिकामा झाला होता. म्हणजे मोजून दिलेलंसुद्धा त्या पीत नव्हत्या.

“माई, हे काय?”

“मला नकोय.”

“ओठ फुटलेत तुझे.”

“फुटू देत,” माई म्हणाल्या. “तुला तेव्हा कसं होत असेल ते आता कळतंय मला. कळू दे की पुरतं.”

मुकुंदाचा चढलेला आवाज मी त्या एकाच दिवशी ऐकला. “इतकी वर्षं घसा कोरडा केला तुला सांगून,” एवढंच तो बोलू शकला. मग त्याने परबेतला डोया उचलला, तांब्या काठोकाठ भरला, माईंना आत नेऊन जिन्याखालच्या कॉटवर बसवलं आणि तांब्या त्यांच्या तोंडाला लावला. “पी.”

“अरे, डॉक्टर...”

“डॉक्टरांचं मी बघतो. पी.”

माई प्यायल्या. डोळे मिटून, घटाघटा, पाणी हनुवटीवरून पदरावर. संपल्यावर लहान मुलासारखं विचारलं, “अजून देशील?” त्याने दिलं. मग अजून एकदा दिलं. मी दारात भाताचं भांडं घेऊन उभी होते. अडवावं असं माझ्या मनातही आलं नाही. त्या संध्याकाळी माईंना छान झोप लागली, आणि झोपायच्या आधी त्या मुकुंदाच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता मिटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास घेता येईना. दवाखान्यात नेलं, आणि त्या परत आल्या नाहीत. डॉक्टरांनी मुकुंदाला जवळ बसवून सांगितलं की हृदय आधीच पुरतं दमलं होतं, आज ना उद्या हे होणारच होतं, दोन-तीन तांब्यांनी फरक पडत नाही. मुकुंदाने सगळं ऐकून घेतलं. नमस्कार केला. तेरावा झाल्यावर दुकान उघडलं, गोळ्या वेळेवर घेऊ लागला, पोरांशी पूर्वीसारखं बोलू लागला. पण रविवारची दाढी त्याने सोडली. ते चार केस हनुवटीवर तसेच वाढलेले असायचे.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा मला न्यायला आला. सामान गाडीत चढवून झालं आणि मी मुकुंदाचा निरोप घ्यायला गेले. दुकानात एक दोन वेण्यांची मुलगी वही घ्यायला उभी होती. तो पाठमोरा बसून वह्यांचा गठ्ठा बांधत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. इतके महिने गिळून ठेवलेलं बोलले एकदाचं.

“मुकुंदा, तुझी काही चूक नव्हती. डॉक्टरांनीच सांगितलंय. कुणाला कळणार होतं?”

त्याने गाठ मारली, दोरी दाताने तोडली.

“नलूताई, मी तिला हेच सांगायचो. अगदी याच शब्दांत. आणि ती ऐकत नाही म्हणून मनातून चिडायचो. वाटायचं, किती हट्टी बाई आहे.” त्याने माझ्याकडे बघितलं. “ती हट्टी नव्हती हो.”

तो उठला, पोचल्यावर फोन करा म्हणाला आणि त्या मुलीला वरच्या फळीवरून दुरेघी वही काढून दिली.